गाणं लागलं की प्रॉमिस येतो

दारिहुन नोंगरुम स्वतःची गाणी स्वतः बांधते. शिलाँगमध्ये हा गुन्हा नाही, पण ही चांगली सवय आहे असंही कुणी म्हणत नाही. आमच्याकडे गिटार नसलेलं घर शोधावं लागतं, आणि सापडलंच तर त्या घरची गिटार दुरुस्तीला टाकलेली असते. गाणारे पैशाला पासरी. लोकांना ऐकायची असतात ती आपल्या बापाच्या तरुणपणीची इंग्रजी गाणी, आणि तीही जशीच्या तशी; मूळ गायक जिथे श्वास घेतो तिथे तुम्ही घेतला नाहीत तर मागच्या टेबलावरून कुणीतरी हळहळतं. दारीने आपलं खासी गाणं सुरू केलं की माणसं सिगारेट ओढायला बाहेर जायची. एक म्हातारा तर एकदा मुद्दाम थांबला आणि खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाला, "पोरी, चांगली गाणी संपली का गं?"

मी बानशान. तिच्यामागे बास वाजवतो. ड्रमवाला आमच्याकडे टिकत नाही. दारी त्याला इथे वाजवू नकोस, तिथे वाजवू नकोस असं सांगत जाते, आणि शेवटी बिचाऱ्याला वाजवायला काही उरत नाही.

तिची पद्धत अशी की आधी चाल, मग शब्द. चाल सापडली की ती पोटात घेऊन फिरायची. शब्द बसले की ओळ शेजारणीला म्हणून दाखवायची. गाऊन नाही, नुसती बोलून, घरातलं मीठ संपलंय म्हणावं तशी. शेजारीण "बरं, मग?" म्हणाली तर ओळ पक्की. "अगं बाई, किती सुंदर!" म्हणाली की दारी घरी येऊन ती ओळ खोडून टाकायची.

ज्या गाण्याने हे सगळं झालं, ते एका निघून गेलेल्या माणसाबद्दल होतं. धुक्यात कितीही हाका मारा, तो काही येत नाही, असं ते गाणं. ध्रुवपदाला शब्दच नव्हते; डोंगरावरून पलीकडच्या डोंगरावर टाकावी तशी एक लांब हाक होती. त्या हाकेच्या वळणावर दारी सबंध पावसाळा अडली होती. वर नेलं तर खोटं वाटायचं, खाली आणलं तर रडकं. एक दिवस सराव करताना माझ्या बासची खुंटी ढिली झाली आणि सूर घसरत खाली गेला. मी शिवी हासडली. दारी ओरडली, "थांब! तेच! घसरव पुन्हा!" अशी ती चाल पुरी झाली. म्हणून त्या गाण्यात माझाही वाटा आहे असं मी मानतो. दारी मानत नाही.

काँग मेबा यांचं लाइतुमख्रा वस्तीत वरच्या मजल्यावर चहाचं दुकान आहे. आमच्याकडे बाईला काँग म्हणतात आणि पुरुषाला बाह्, ताई-दादा म्हणावं तसं. शनिवारी दुपारी कोपऱ्यातली दोन टेबलं बाजूला सारून त्या गाणाऱ्यांना जागा देतात. आम्ही ते गाणं तिथे पहिल्यांदा म्हटलं. नेहमीप्रमाणे निम्मी माणसं बाहेर गेली. पहिलं कडवं झालं, दारीने डोळे मिटले आणि ती लांब हाक घातली.

मागच्या बाकावर एक माणूस लाल चहा पीत बसला होता. केरसुणीचं गवत विकायला शहरात आलेला, कपाळाला पट्टा लावून पाठीवर घ्यायची टोपली शेजारी ठेवलेली. हाक ऐकताच तो ताडकन उठला. चहा सांडला. दोन खुर्च्या पाडत तो पुढे धावत आला.

"आलो, आलो!" तो धापा टाकत म्हणाला. "काय झालं? कोण पडलं?"

दारीने डोळे उघडले. "कोणी नाही पडलं."

"मग हाक का मारलीस, काँग?"

"मी गाणं म्हणतेय."

"हो, पण मला का बोलावलंस?"

दारीला वाटलं माणूस प्यायलेला आहे. तिने त्याला नम्रपणे बसायला सांगितलं. तोही नम्रपणे जाऊन बसला. दुसरं कडवं झालं, हाक आली, आणि तो पुन्हा धावत पुढे. तिसऱ्या वेळी काँग मेबांनी वाटेतल्या खुर्च्या आधीच उचलून ठेवल्या होत्या.

गाणं संपल्यावर त्याने आमच्यापुढे क्वाइ धरली. सुपारी-पान तोंडात टाकल्यावर माणसं जरा शांत बोलतात. त्याचं कागदावरचं नाव प्रॉमिस. गाव लाइतफिरांग, दक्षिणेच्या उतारावर, बांगलादेशाच्या बाजूला. त्या गावात मूल झालं की आई त्याच्यासाठी एक चाल बांधते, आणि ती चाल हेच त्याचं खरं नाव. अंगणातून बोलवायचं तर आखूड चाल, जंगलातून बोलवायचं तर लांब. माणूस मेला की चालही त्याच्याबरोबर संपते. दुसऱ्या कुणाला ती देत नाहीत. हे आम्ही सगळे ऐकून होतो. पण आपल्या गाण्यातून असा माणूस निघेल, हे कुणाच्या मनात येणार?

"तू जी म्हणतेस ना, काँग, ती माझी जंगलातली हाक आहे," प्रॉमिस म्हणाला. "झाड अंगावर पडलं, मधमाश्या उठल्या, अशा वेळची. ती ऐकली की माझे पाय आधी पळतात, मग मी."

"पण ही चाल मी बांधली आहे," दारी म्हणाली. "अख्खा पावसाळा घालवून."

"असेल. पण मी त्याच्या आधीपासून आहे."



पुढच्या शनिवारी दुकान भरलेलं होतं. दारीच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीही सिगारेट ओढायला बाहेर गेलं नाही. सगळे मागे वळून बसले होते, तोंडं दाराकडे. प्रॉमिस खाली बाजारात गवत विकत होता. दारीने हाक घातली, आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दारीचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं जी टाळी तिला हवी होती ती आली होती, पण पोस्टमनने शेजारच्या घरी टाकली होती.

गाणं पसरलं. लोकांनी फोनवर टिपून घेतलं. टॅक्सीत वाजायला लागलं, न्हाव्याकडे वाजायला लागलं, पोरं शिट्टीवर म्हणायला लागली. जुनी इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या पुरुषांच्या एका टोळक्याने तर त्यांच्या कार्यक्रमाच्या शेवटी आमचं गाणं घेतलं, आणि प्रॉमिस धावत आला की ते त्याला स्पीकर उचलायला लावायचे. प्रॉमिस वाळत चालला. गवत विकलं जाईना, कारण गिऱ्हाईक भाव करत असतानाच तो रस्त्यापलीकडे पळालेला असायचा.

"कान बंद कर ना," मी त्याला म्हटलं.

"बाह् बानशान, तुमच्या आईने हाक मारली तर तुम्ही कान बंद करता?"

खरं सांगायचं तर मी करतो. पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

दारीला त्याची कणव यायला लागली. तिने चाल बदलायचं ठरवलं. आधी हाक आखूड केली, निम्मीच ठेवली. शनिवारी म्हटली. प्रॉमिस या वेळी धावला नाही. सावकाश उठला, हात पुसत आला आणि म्हणाला, "जेवण झालं का तयार?"

आखूड केल्यावर ती त्याची अंगणातली हाक झाली होती. काँग मेबांनी त्याला जादोहची, म्हणजे मांस घातलेल्या भाताची, थाळी वाढली. कुणालाही उपाशी परत पाठवणं त्यांना जमत नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत त्याच्या तीन थाळ्या झाल्या, आणि चौथी हाक आली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "काँग, पोट फुटेल. आता पुरे."

मग दारीने शेवटचे दोन सूर बदलून वर नेले. रात्रंदिवस त्यावर मेहनत केली. नवी चाल प्रॉमिसला ऐकवली; तो ढिम्म बसून राहिला. "ही मी नाही," तो म्हणाला. आम्हाला हायसं वाटलं. शनिवारी गाणं सुरू झालं, नवी हाक आली, प्रॉमिस शांत. आणि त्याच्या शेजारी बसलेली एक बाई उठली. ती त्याची मावशी, आणि नवी हाक नेमकी तिची; प्रॉमिसला आम्ही 'ही तू आहेस का' एवढंच विचारलं होतं. दाढ उपटायला शहरात आलेली, गालात कापसाचा बोळा. बोलता येत नव्हतं तरी ती दारीसमोर येऊन उभी राहिली आणि भुवया उंचावून विचारू लागली, काय काम आहे?

"मावशी," प्रॉमिस मागून म्हणाला, "तुला बोलावत नाहीत, नुसतं गाणं म्हणतायत."

मावशीने कापूस गालातल्या गालात सरकवला आणि जे काही म्हटलं ते कुणाला कळलं नाही. कळलं नाही हेच बरं.

शेवटी प्रकरण वस्तीच्या प्रमुखांपर्यंत, बाह् किन्सन यांच्यापर्यंत गेलं. शांत, सरळमार्गी गृहस्थ. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. दारीचा मामाही आला होता, कारण आमच्यात बहिणीच्या मुलीचं भांडण मामाच भांडतो. मामा म्हणाला, "माझ्या भाचीने केलेली चाल तिची. या माणसाने आपलं नाव बदलावं." प्रॉमिस म्हणाला, "आईला विचारावं लागेल, पण ती आता नवीन बांधेल असं वाटत नाही. थकली आहे." बाह् किन्सन यांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि निर्णय दिला: या वस्तीत ती चाल कुणी वाजवू नये, गाऊ नये, शिट्टीवरही म्हणू नये.

निर्णय लगेच लाउडस्पीकरवरून सगळ्यांना सांगायचा ठरला. ज्या माणसाकडे हे काम होतं तो अतिशय नेमका. "ऐका हो ऐका," त्याने सांगितलं, "खालील चाल वस्तीत वाजवण्यास मनाई आहे." आणि लोकांचा घोळ होऊ नये म्हणून त्याने चारही दिशांच्या कर्ण्यांतून ती चाल नीट, स्वच्छ सुरात म्हणून दाखवली. दोनदा.

प्रॉमिस चारही दिशांना पळाला. संध्याकाळी तो आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला, एका पायात चप्पल नाही.

त्याच आठवड्यात गुवाहाटीहून हजारिका नावाचे एक कंपनीवाले आले. त्यांनी गाणं ऐकलं, प्रॉमिसला पाहिलं, आणि दोन्ही त्यांना पसंत पडली. "हे गाणं घराघरांत जाईल," ते दारीला म्हणाले. "दिल्लीत, मुंबईत, सगळ्यांच्या फोनवर. आणि ते 'आलो, आलो' पण ठेवू. फारच जिवंत आहे ते."

 इतक्या वर्षांत तिच्या दारात असा माणूस आला नव्हता. प्रॉमिस बाजूला बसला होता. त्याने विचारलं, "साहेब, दिल्लीत फोनवर वाजलं तर मी यायचं कुठे?"

हजारिका हसले. प्रॉमिस हसला नाही. त्याला खरंच पत्ता हवा होता.

"मला विचारून यावं लागेल," दारी म्हणाली.

"कोणाला? वकिलाला?"

"याच्या आईला."

आम्ही सुमोत बसून निघालो. रस्ता संपल्यावर पायऱ्या, आणि पायऱ्या संपायचं काही नाव घेईनात. मी बास का आणला असं दारीने तीनदा विचारलं. मी म्हटलं, माझाही वाटा आहे. खाली उतरत असताना झाडीतून वेगवेगळ्या चाली ऐकू येत होत्या, इकडून एक, तिकडून दुसरी, आणि प्रॉमिस सांगत होता, "हा माझा चुलतभाऊ, त्याला पाणी आणायला बोलावतायत. ही शाळेतली बाई. हा कुणाचा तरी नवरा, तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो."

त्याची आई थ्रोलिन अंगणात तेजपत्ता वाळत घालत होती. ठेंगणी, गालांवर सुरकुत्यांची जाळी, दात क्वाइने लाल. गाव तिला मेइ, म्हणजे आई, थ्रोलिन म्हणतं. तिने आम्हाला चहा दिला, तांदळाचे पुथारो भाजून दिले, मग म्हणाली, "म्हणा. ऐकू दे ते कसलं गाणं माझ्या पोराला पळवतंय."

दारी घाबरली होती. इतकं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने गाणं सुरू केलं, आणि हाक आली तेव्हा अंगणातल्या सगळ्यांनी प्रॉमिसकडे पाहिलं. तो आईच्या बाजूलाच बसलेला. "इथेच आहे," तो ओशाळून म्हणाला.

गाणं संपलं. मेइ थ्रोलिनने बोटावरचा चुना खांबाला पुसला.

"हे गाणं कशाबद्दल आहे?"

"एक माणूस निघून गेलाय. हाक मारली तरी येत नाही."

"पण हा तर येतो."

"हो."

"मग गाणं खोटं आहे की हाक खोटी?"

दारी म्हणाली, "गाणं."

"तसं नव्हे गं," म्हातारी म्हणाली. तिने दारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कडवी चांगली आहेत. पण नाव घेतलं की माणसाला काम सांगायचं असतं. पाणी आण, जेवायला ये, साप निघालाय. तू नाव घेतेस आणि पुढे धुक्याबद्दल बोलत बसतेस. तो बिचारा उभाच्या उभा."

मग तिने विचारलं, "हे वळण तुला सापडलं कसं? तो घसरतो तो सूर?"

दारीने माझ्याकडे पाहिलं. "याची खुंटी ढिली झाली."

"मी पण तिथेच अडले होते!" मेइ थ्रोलिन एकदम सरसावून बसली. "याचा बाप म्हणायचा, पोरगं रांगायला लागलं, अजून नाव नाही, आम्ही नुसतं 'ए' म्हणतो. वर न्यावं तर खोटं वाटायचं."

"आणि खाली आणलं तर रडकं," दारी म्हणाली.

"रडकं! तेच! मग एक दिवस याला पाजत होते, आणि याला उचकी लागली. ती उचकी अशी घसरली ना..." तिने ती म्हणून दाखवली. प्रॉमिस सवयीने अर्धा उठला आणि परत बसला.

त्यानंतर आमच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मेइ थ्रोलिनने आपल्या नऊ मुलांच्या नऊ चाली म्हणून दाखवल्या. कुठली झटकन जमली, कुठलीपायी झोप उडाली, थोरलीची चाल पहिली म्हणून जरा जास्तच सजवली गेली आणि आता ती बाई त्यावरून टोमणे मारते. आणखी दोन मुलं लहानपणीच गेली होती. त्यांच्या चाली तिने म्हटल्या नाहीत, नुसतं म्हणाली, "त्या दोन चांगल्या होत्या." दारीने आपल्या कुणीही न ऐकलेल्या गाण्यांबद्दल सांगितलं, शेजारणीचं "बरं, मग?" सांगितलं. म्हातारी खोखो हसली. म्हणाली, "माझं प्रत्येक गाणं ऐकायला एकच माणूस. पण तो उठून बाहेर जात नाही, आत येतो."

निघताना दारीने मुद्द्याचं विचारलं. मेइ थ्रोलिन म्हणाली, "हा ज्या खोलीत असेल तिथे म्हण. मी हरकत घेणार नाही. पण जिथे हा नाही तिथे याला बोलावू नकोस. माणूस दमतो."

दारीने हजारिकांना नाही म्हणून कळवलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, चाल थोडी बदला. दारीने त्यांना मावशीची हकीकत सांगितली. ते परत आले नाहीत. मामा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. दारी एकेका टोळक्याकडे, टॅक्सीवाल्याकडे, न्हाव्याकडे स्वतः गेली आणि गाणं काढून टाका म्हणून विनवण्या केल्या. आपलं गाणं वाजवू नका म्हणून दारोदार फिरणारी बाई शिलाँगने तोवर पाहिली नव्हती, त्यामुळे पुष्कळांनी केवळ आश्चर्याने ऐकलं. बाकीचे काही दिवसांनी कंटाळले. नवं काहीतरी आलं. प्रॉमिसचं वजन परत आलं आणि गवतही खपायला लागलं.

शनिवारी तो बाजारात असला की काँग मेबांकडे येतो, पुढच्या टेबलावर बसतो. त्या दिवशी दारी ते गाणं म्हणते. हाक आली की त्याला काहीतरी काम सांगते: खिडकी लाव, वायर बाजूला कर, काही नसेल तर "चहा पी". तो पितो. माणसं आता फारशी वळून बघत नाहीत. काहीजण पुन्हा सिगारेट ओढायला बाहेर जाऊ लागले आहेत.

गेल्या हिवाळ्यात दारीने नवं गाणं बांधलं. सहा महिने घासलं. मला विचाराल तर तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं. शहरात म्हणण्याआधी ते लाइतफिरांगला तपासून घ्यायचं तिने ठरवलं. पुन्हा सुमो, पुन्हा पायऱ्या, पुन्हा माझ्या पाठीवर बास. मेइ थ्रोलिनने निरोप धाडून गाव गोळा केलं. चर्चपुढच्या मोकळ्या जागेत सगळे बसले, म्हातारे, पोरं, दाढेची जखम भरलेली मावशी.

दारीने गाणं म्हटलं. कडवी, ध्रुवपद, पुन्हा कडवी. कुणी हललं नाही. एक कोंबडी मधून चालत गेली, पण ती आपल्या कामाने.

"ही कुणाचीच नाही," मेइ थ्रोलिनने जाहीर केलं. "मोकळी आहे. ने खुशाल."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या जिवात जीव आला. पण दारी गिटार मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. एवढं गाव समोर, आणि एकही माणूस जागचा उठला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

प्रॉमिसने ते पाहिलं. तो थोडा पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "काँग, मी उठू का?"

"बस खाली," त्याची आई म्हणाली. "ती तुझी नाही."

"माझी नाही, ते माहीत आहे, मेइ," प्रॉमिस म्हणाला आणि उठला.